‘आयरिस’: रेडिओवर 18 आठवडे पहिलं, यादीत मात्र नववं

कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. गू गू डॉल्स या अमेरिकन बँडचं ‘आयरिस’ हे गाणं अमेरिकेत रेडिओवर 18 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं असं त्याने वाचलं, पण बिलबोर्ड या तिथल्या संगीत-साप्ताहिकाच्या हॉट 100 यादीत त्याचा सर्वांत वरचा क्रमांक नववाच दिसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? इतक्या वर्षांनंतरही लोक ते का ऐकतात? आणि नेटवर मिळालेल्या कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरसमूह) जशाच्या तशा वाजवूनही त्याच्या बँडचं गाणं ‘तसं’ का वाजत नाही?

मी पंचवीसेक वर्षं गिटार वाजवतो आणि शिकवतो. मधली काही वर्षं एका एफएम स्टेशनवर गाणी निवडायचं कामही केलं. त्यामुळे या गाण्याकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या काउंटरवर सापडतं आणि तिसऱ्याचं गिटारच्या खुंट्यांवर. दुसऱ्याबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे, ते ओघात येईलच.

आधी यादीचं बघू. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे समजायला सोपं जातं, कारण त्यांनी ‘बिनाका गीतमाला’ ऐकलेली असते. अमीन सायानी ज्या ‘पायदान’वर गाणी चढवत-उतरवत, त्यामागे रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची फर्माईश अशा दोन गोष्टी होत्या. बिलबोर्डच्या हॉट 100 चंही तसंच होतं. एका बाजूला सिंगलची, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्याची, विक्री, दुसऱ्या बाजूला रेडिओवर गाणं किती वाजतं ते, आणि दोन्हींची बेरीज. 1991 च्या अखेरीपर्यंत ही माहिती दुकानदार आणि स्टेशनवाले कळवतील त्यावर अवलंबून असे. त्यानंतर दुकानातल्या बारकोडवरून खरी विक्री मोजली जाऊ लागली. रेडिओसाठी तर संगणकच प्रक्षेपण ऐकायचे आणि गाण्याचा ठसा ओळखून ते किती वेळा वाजलं याची नोंद ठेवायचे. मोजमाप एकदम पक्कं झालं.

नियमात मात्र एक अट जुनीच राहिली होती. हॉट 100 मध्ये यायचं तर ते गाणं सिंगल म्हणून दुकानात विकायला असलं पाहिजे. कॅसेट असो, सीडी असो की रेकॉर्ड, ग्राहकाला ते एकटं गाणं विकत घेता आलं पाहिजे. तसं नसेल, तर देशातल्या प्रत्येक स्टेशनने दिवसभर ते वाजवलं तरी मुख्य यादीत त्याला जागा नाही. अशा गाण्यांना फक्त हॉट 100 एअरप्ले, म्हणजे निव्वळ रेडिओवरच्या वाजण्याची वेगळी यादी, तेवढीच खुली होती.

नव्वदच्या दशकात कंपन्यांनी या अटीचा हिशेब मांडला. सिंगल काही डॉलरला विकला जायचा, आणि बऱ्याचदा तर यादीत वर चढवण्यासाठी तो मुद्दाम पडत्या भावात काढला जायचा. अख्ख्या अल्बमच्या सीडीची किंमत त्याच्या कितीतरी पट. लोकांना एकच गाणं हवं असेल आणि ते सुटं मिळत नसेल, तर ते अल्बम घेणारच. मग सिंगल काढायचाच कशाला? नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ एअरप्ले यादीत 16 आठवडे पहिलं होतं, पण हॉट 100 मध्ये ते कधी आलंच नाही. ‘आयरिस’चंही तेच झालं. ते ‘सिटी ऑफ एंजल्स’ या निकोलस केज आणि मेग रायनच्या चित्रपटासाठी केलेलं गाणं. 1998 च्या वसंतात चित्रपट आला, त्याच्या गाण्यांचा अल्बम बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत पहिला गेला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बँडचा स्वतःचा ‘डिझी अप द गर्ल’ आला, त्यातही हे गाणं होतं. एका गाण्याने दोन अल्बम विकले. दुकानात सिंगल नव्हता.

त्याच वर्षी त्याच जातीचं दुसरं गाणं होतं, ते शेजारी ठेवून बघा, म्हणजे चित्र एकदम स्वच्छ दिसतं. एरोस्मिथचं ‘आय डोन्ट वॉन्ट टू मिस अ थिंग’. हेही रॉक बॅलडच, चित्रपटासाठीच केलेलं, व्हायोलिनांच्या ताफ्यासकट. रेडिओवर ते आधीच गाजत होतं, आणि मग सिंगल दुकानात आला. 5 सप्टेंबर 1998 च्या यादीत ते थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं आणि चार आठवडे तिथे राहिलं. एरोस्मिथसारख्या जुन्या, मुरलेल्या बँडचा तो हॉट 100 मधला पहिलाच अव्वल क्रमांक. सिंगल आधी अडवून ठेवायचा, रेडिओवर भूक वाढू द्यायची आणि मग एकदम सोडायचा, ही चाल 1995 पासून रुळली होती. मायकल जॅक्सनचं ‘यू आर नॉट अलोन’ हे यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलेलं पहिलं गाणं, तेव्हापासून.

त्याच आठवड्यांत रेडिओच्या यादीत पहिलं कोण होतं? ‘आयरिस’. एकच देश, एकच महिना, दोन याद्या, आणि डोक्यावर दोन वेगळी गाणी. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर होत्या. फरक एवढाच, की एका गाण्याचा सिंगल काउंटरवर होता आणि दुसऱ्याचा नव्हता.

आता 18 आठवडे म्हणजे काय, ते रेडिओच्या आतून सांगतो, कारण बाहेरून तो नुसता आकडा वाटतो. अमेरिकेत रेडिओ स्टेशनांच्या जाती असतात. कोणी फक्त नवं रॉक लावतं, कोणी तरुणांचं पॉप, कोणी गाडीतून ऑफिसला जाणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसांसाठी वाजवतं. रॉक स्टेशनवाल्यांना एखादं गाणं आवडलं की पॉपवाले पुष्कळदा त्याला हात लावत नाहीत, आणि पॉपमध्ये गेलं की रॉकवाले सोडून देतात. ‘आयरिस’ या सगळ्यांकडे चाललं. मॉडर्न रॉकच्या यादीत पहिलं, पॉपच्या यादीत पहिलं, मोठ्या वयाच्या श्रोत्यांच्या ॲडल्ट टॉप 40 मध्येही पहिलं. एअरप्ले यादी नुसत्या वाजण्याच्या संख्येवर नव्हती, ते वाजलं तेव्हा किती कान ऐकत होते त्याचाही हिशेब त्यात होता. एका जातीच्या स्टेशनांवर गाणं उतरणीला लागावं तोवर दुसऱ्या जातीच्या स्टेशनांनी ते उचललेलं असायचं. अशी एकावर एक चढलेली लाट होती, म्हणून ती 18 आठवडे टिकली. हा विक्रम मोडायला 2020 उजाडावं लागलं. द वीकेंडच्या ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ने तो मोडला, 26 आठवडे राहून.

आणि नववा क्रमांक? तो नियम बदलल्यामुळे मिळाला. 5 डिसेंबर 1998 च्या अंकापासून बिलबोर्डने सिंगल नसलेल्या गाण्यांनाही, निव्वळ रेडिओच्या जोरावर, हॉट 100 मध्ये घ्यायला सुरुवात केली. ‘आयरिस’ तोवर सात-आठ महिने जुनं झालं होतं, रेडिओवरची भर ओसरू लागली होती. तरी पहिल्याच आठवड्यात ते नवव्या जागी बसलं. नताली इम्ब्रुग्लियाचं ‘टॉर्न’ तर रेडिओवर 11 आठवडे पहिलं राहिलेलं गाणं, आणि नियम बदलला तेव्हा त्याच्या वाट्याला आला 42 वा क्रमांक. म्हणून त्या दशकातला कुठलाही क्रमांक वाचताना सोबत तारीख वाचायची. डिसेंबर 1998 च्या आधीचा आहे की नंतरचा, आणि सिंगल निघाला होता का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. नंतर 2012 मध्ये बिलबोर्डने आपल्या पॉप गाण्यांच्या रेडिओ यादीची वीस वर्षं धुंडाळून क्रमवारी लावली. तिच्यात पहिलं आलं ते ‘आयरिस’च.

ग्रॅमीच्या वेळीही ही सगळी मंडळी एकत्र आली होती. 1999 च्या सोहळ्यात ‘आयरिस’ला वर्षातलं गाणं आणि वर्षातली ध्वनिमुद्रिका, दोन्हीसाठी नामांकन होतं. एरोस्मिथचं गाणं पहिल्या गटात शेजारी होतं, आणि त्या उन्हाळ्यात हॉट 100 वर 13 आठवडे राज्य केलेलं ब्रँडी आणि मोनिकाचं ‘द बॉय इज माइन’ दुसऱ्या गटात. दोन्ही पुरस्कार ‘टायटॅनिक’च्या गाण्याने नेले.

इथपर्यंत झाला व्यापार. आता गाण्याकडे येतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल.

गू गू डॉल्स हा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचा बँड. सरोवराकाठचं, हिवाळ्यात बर्फाने गाडलं जाणारं, कारखान्यांचं शहर. ऐंशीच्या दशकात ही पोरं धडाधड पंक वाजवायची. 1995 मध्ये ‘नेम’ नावाचं एक शांत गाणं अचानक चाललं आणि हॉट 100 मध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. गायक आणि गीतकार जॉन रेझनिक त्यानंतर अडला. काही सुचेना. अशात त्याला ‘सिटी ऑफ एंजल्स’ दाखवला गेला, गाणं करून द्याल का म्हणून. अमर असलेला एक देवदूत एका बाईच्या प्रेमात पडतो आणि तिला नुसता स्पर्श करता यावा म्हणून अमरत्व सोडायला तयार होतो, अशी ती गोष्ट. रेझनिकने त्या देवदूताच्या जागी बसून गाणं लिहिलं. नाव सुचत नव्हतं. तेव्हा एका साप्ताहिकात कार्यक्रमांची यादी चाळताना त्याला लोकगायिका आयरिस डिमेंटचं नाव दिसलं, आवडलं, आणि त्याने ते ठेवून दिलं. गाण्याच्या शब्दांत ‘आयरिस’ कुठेही येत नाही. मला हे फार आवडतं. स्वतःबद्दल काही सांगू न शकणाऱ्या माणसाचं गाणं आहे, आणि त्याचं नावही आत कुठे सापडत नाही.

निर्माता रॉब कॅव्हालो होता, ग्रीन डेचा ‘डूकी’ ज्याने केला तोच. गोंगाटाच्या संगीतात ज्याचा हात बसलेला आहे अशा माणसाने हे गाणं किती सबुरीने वाढवलंय ते ऐका. सुरुवातीला गिटार आणि आवाज. मग मॅन्डोलिनची किणकिण, ती आणि मधली स्लाइड गिटार टिम पियर्सची. मग डेव्हिड कॅम्पबेलने बांधलेले व्हायोलिन-चेलो खालून येतात आणि ड्रम्स बसले की सगळं एकदम उघडतं. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात मोजणी अशी बदलते की ठेका पायाने धरणारा हमखास चुकतो. माझे विद्यार्थी सगळे तिथेच सांडतात.

पण या सगळ्याच्या आधी, मुळात, एक गोष्ट आहे: तारा कशा लावल्यात ती. गिटारच्या सहा तारा एरवी जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. ‘आयरिस’साठी रेझनिकने लावल्या बी, डी, डी, डी, डी, डी. सहापैकी पाच तारा एकाच स्वरात. सर्वांत जाड तार तेवढी खाली बी वर.

आपल्या भाषेत मांडतो. डी ला सा धरा. म्हणजे ही गिटार झाली ध सा सा सा सा सा. हा तंबोरा आहे! मिरजेच्या तंबोऱ्यात मधल्या जोडाच्या दोन तारा एकाच षड्जावर असतात आणि चौथी खर्जात, तसाच इथे षड्ज तीन सप्तकांत पसरला आहे: एक डी खाली, दोन मधे, दोन वर. आणि पंचमाच्या जागी मंद्रातला धैवत. त्या धैवतामुळेच गाणं सुरुवातीला उदास वाटतं. खालून बी लागलं की कान त्याला मायनर म्हणून ऐकतो, आणि डी खाली आला की तोच षड्ज एकदम प्रकाशात येतो. वर काही बदलत नाही, फक्त पायाखालची जमीन सरकते. एकच सूर दोन मनःस्थितीत ऐकू येतो. गाणं ज्या माणसाबद्दल आहे, त्याचीही अवस्था हीच.

आणखी जवळून बघा. मधल्या दोन डी तारा सुमारे 147 हर्ट्झवर कंपतात, वरच्या दोन 294 च्या आसपास. जोडीतली एक तार 294 वर आणि दुसरी 295 वर असेल, तर त्यांच्यात सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो, आवाज फुगतो आणि बसतो. तारा कितीही नेटक्या लावल्या तरी बोटाच्या दाबाने हा सूक्ष्म फरक पडतोच, आणि त्यातून ती थरथर येते. बारा तारांच्या गिटारमध्ये हीच गंमत असते. ध्वनिमुद्रणातली गिटार लकाकते ती एखादं पेडल लावून मिळवलेली लकाकी नाही, निदान मुळात तरी नाही. ती जोडाची आहे.

मला स्वतःला हे कळायला दीड-दोन वर्षं लागली. 1998 च्या पावसाळ्यात मित्राच्या घरी म्युझिक चॅनलवर हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. मग कॅसेट मिळवली आणि रिवाइंड करकरून सुरुवातीचा तुकडा गिटारवर शोधत बसायचो. स्वर सगळे सापडले, तरी वाजवलं की कोरडं. मला वाटलं माझी गिटारच हलकी आहे. पुढे सायबर कॅफेत एका साध्या मजकुराच्या टॅबमध्ये (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेलं पान) वरच्या ओळीत ती सहा अक्षरं दिसली. ताशी पैसे मोजत बसलेलो असताना मी ती हातावर पेनाने लिहून घेतली आणि तसाच घरी आलो. तिसरी तार उतरवून चौथीशी जुळली त्या क्षणी, अजून एकही कॉर्ड धरलेली नसताना, नुसती बोटं फिरवली आणि खोलीत ते गाणं उभं राहिलं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर याच गोष्टीपाशी येतं. एफएमवर काम करताना आम्ही ‘बर्न’ हा शब्द दिवसातून दहादा वापरायचो. श्रोत्याला फोनवर गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं: आवडतं का, आणि ऐकून कंटाळा आलाय का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येणं म्हणजे बर्न. मोठी मोठी गाणी सहा-आठ आठवड्यांत जळतात, विशेषतः ज्यांचा सगळा जीव एका चटकदार ओळीत असतो ती. जी गाणी जळत नाहीत त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली: चालीच्या मागे एक पट अखंड चालू असतो आणि कान त्यात विसावतो. ‘आयरिस’चा मुखडा तर ओरडून गायचा, लाखोंनी आरडाओरडा करत गायलेला. पण त्याच्या मागे तो षड्ज हलत नाही. तंबोऱ्याचा आपल्याला कधी कंटाळा येतो का? 18 आठवड्यांचं श्रेय मी एकट्या त्या षड्जाला देणार नाही. चित्रपट चालला, आवाज लागला, वेळ जुळून आली. पण पंचवीस वर्षांचं श्रेय मात्र मी त्याला देतो.

कारण पुढे झालं ते बघा. 4 जुलै 2004 ला बँडने आपल्या बफेलोत मोकळ्यावर कार्यक्रम केला आणि आभाळ फाटलं. त्याचं चित्रण झालेलं आहे. नखशिखांत भिजलेला रेझनिक, त्याच्या हनुवटीवरून गळणारं पाणी, आणि समोर तेवढीच भिजलेली, जागची न हललेली गर्दी त्याच्यासोबत गातेय. हे चित्रण पुढे इतक्या लोकांनी पाहिलं की कित्येकांना मूळ व्हिडिओपेक्षा तेच आठवतं. 2011 मध्ये ब्रिटनमध्ये एका टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत गाणं गायलं गेलं आणि लोकांनी ते डाउनलोड करायचा सपाटा लावला. तिथे 1998 मध्ये फारसं वर न गेलेलं हे गाणं 13 वर्षांनी तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. हे शक्य झालं कारण तोवर तिथल्या यादीत कुठल्याही गाण्याचं डाउनलोड धरलं जात होतं, कंपनीने सिंगल काढण्याची गरज उरली नव्हती. 1998 मध्ये अमेरिकेत जे दार बंद होतं, ते उघडं असलं की काय होतं हे ब्रिटनने दाखवलं. 2020 मध्ये फीबी ब्रिजर्स आणि मॅगी रॉजर्स या दोन गायिकांनी ते पुन्हा गायलं, तेही हॉट 100 मध्ये आलं. गाणं आलं तेव्हा या दोघीही जेमतेम तीन-चार वर्षांच्या होत्या.

आता तुमच्या बँडचं. खुंट्यांवरचं काम नीट सांगतो, घाई करू नका.

सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ई वरून बी पर्यंत पाच फ्रेट खाली उतरवा (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या पट्ट्या, एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर). पाचवी ए वरून खालच्या डी पर्यंत, सात फ्रेट खाली. चौथी आहे तशीच. तिसरी जी वरून पाच फ्रेट खाली, चौथीशी तंतोतंत जुळेपर्यंत. पहिली दोन फ्रेट खाली. आणि दुसरी बी वरून तीन फ्रेट वर. धोका या दुसऱ्या तारेत आहे. गेल्या महिन्यात क्लासमधल्या एका मुलीने ट्यूनरकडे बघत ती चढवली, डी यायला केसभर कमी असताना तार तुटली आणि तिच्या मनगटावर बारीक लाल रेघ उमटली. तार चढवताना तोंड आणि डोळे गिटारपासून लांब ठेवा, हे मी तेव्हापासून आधी सांगतो.

यावर उपाय सोपा आहे. अकूस्टिकला 012 चा सेट लावत असाल तर दुसऱ्या जागी 016 ची तार न लावता पहिलीसारखीच 012 लावा. दोघींना एकाच डी वर यायचं आहे, मग दोघी बारीकच हव्यात. तसंच तिसऱ्या जागी चौथीची 032, पाचव्या जागी एरवी सहावीला असते ती 053, आणि सहाव्या जागी सुटी मिळणारी 060 च्या आसपासची. मग एकही तार ढिली लोंबत नाही की ताणाने रडत नाही. फक्त जाड तारा नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत बसत नाहीत, खाच थोडी रुंद करावी लागते. ते काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, घरी कानस मारू नका. गिटार एकच असेल आणि खाचेला हात लावायचा नसेल, तर निदान दुसरी तार तेवढी बदला, बाकी जुन्या ढिल्या तारांवरही पुष्कळ जवळ जाता येतं. पाचवी फडफडते, तिला नखाने न मारता अंगठ्याच्या गादीने हळू वाजवायचं.

कार्यक्रमात मधेच ट्यूनिंग बदलायला वेळ नसतो, दुसरी गिटारही सगळ्यांकडे नसते. तेव्हा नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच एक करा. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर डी आहे. तिथे एक बोट ठेवा आणि गाणंभर सोडू नका. डी मेजरमध्ये ते बोट तिथेच असतं. ई मायनर धरताना ते राहू द्या, ई मायनर सेव्हन होईल. जी चार बोटांचा धरा, त्यातही ते आहे. बी मायनरच्या आकारातही दुसऱ्या तारेवर तिसराच फ्रेट येतो. आणि ए साधा न धरता ए सस फोर धरा. बोट बदलावं लागलं तरी जागा बदलत नाही. नेटवरच्या कॉर्डमध्ये नेमकं हेच हरवतं. तिथे प्रत्येक कॉर्ड आपापली शुद्ध आणि सुटी लिहिलेली असते, एकीचं दुसरीशी नातं नाही. तुमच्या कॉर्ड चुकत नव्हत्या, षड्ज तुटत होता. दोन गिटारिस्ट असतील तर आणखी बरं. एकाने कॉर्ड सांभाळायच्या आणि दुसऱ्याने फक्त वरचा आणि मधला डी छेडत राहायचं, तंबोऱ्यावर बसल्यासारखं.

ड्रमरला सांगा की ही चार-चारची चाल नाही. दादऱ्यासारखा सहाचा झोका आहे, पहिल्या कडव्यात तो नुसता मनात मोजायचा आणि हात आवरायचा. गायकाला मुखडा उंच जात असेल तर लाजू नका, सगळं एक फ्रेट खाली उतरवा. मात्र मग की-बोर्डवाल्याला आदल्या दिवशीच सांगा, स्टेजवर नव्हे. आणि तालमीत सुरुवातीचे दोन-तीन दिवस शब्द बाजूला ठेवा. सगळ्यांनी मिळून नुसता डी लावा, मिनिटभर, कोणीही दुसरं काही न वाजवता. बेसिस्टने खालून एकदा बी वाजवायचा, मग डी. तो बदल सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यायला लागला की कडव्याला हात घाला.